काउन्सेलिंगमुळे त्रासाच्या सामाजिक कारणांवरून लक्ष उडतं का?

तुमचा प्रश्न बहुतेक शहरातल्या थेरपीबद्दल असेल, पण मी यवतमाळकडच्या कोरडवाहू कापसाच्या पट्ट्यातला आहे, म्हणून इथलंच सांगतो.

लक्ष उडवता येतं, हे खरं आहे. २०१५ मधे सरकारने मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आणला, आशाताई घरोघरी जाऊन ताणाची चौकशी करतात (त्यांचं स्वतःचं मानधन थकलेलं असते ते वेगळंच). चौकशी करणं चांगलंच आहे हो. पण ऑगस्ट २०२५ मधे, कापूस शेतात उभा असताना केंद्राने त्यावरचं ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढून टाकलं, इकडे सीसीआय (सरकारचं कापूस खरेदी महामंडळ) १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की माल घेत नाही, मग खाजगी व्यापारी म्हणेल तो भाव. अशा माणसाला रात्री झोप येत नसेल तर तो आजारी आहे की बरोबर हिशोब करून राहिला? "बोलल्यानं कर्ज फिटते का बाप्पा?" असं कोणी म्हटलं की माझ्याकडे तरी उत्तर नसतं.

तरी काउन्सेलिंग म्हणजे नुसती धूळफेक म्हणणाऱ्या मित्रांशी माझं पटत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम १८ महिने चालला, गावपातळीवरच्या लोकांना ट्रेनिंग देऊन. नैराश्य १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आलं, आत्महत्येचे विचार ५.२ वरून २.५ वर. तुलनेला दुसरी गावं नव्हती म्हणून सगळं श्रेय त्यालाच देऊ नका, पण त्या काळात कापूस काही महाग झाला नव्हता एवढं आठवते. आणि दुसऱ्या बाजूला इंडोनेशियात गरीब घरांना थेट पैसे दिले तर आत्महत्या साधारण १८ टक्क्यांनी घटल्या. म्हणजे पैसाही लागतो.

माझं विचाराल तर खरं लक्ष उडते ते फाईलीत. घरातल्या शेतकऱ्याने आत्महत्या केली की सरकारच्या १ लाखाच्या मदतीसाठी सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की लायसनवाल्या सावकाराचं हे बघतात, बिनलायसनच्या सावकाराचं असलं की अपात्र, आणि कागदावर कारण काय तर दारू नाहीतर घरगुती भांडण. हे कोणत्या थेरपिस्टने नाही केलं, मदत ठरवणाऱ्या सरकारी कमिटीने केलं. मागे राहिलेल्या बाईच्या नावावर जमीन नाही, सासरचे बोलत नाहीत, तिला निराधारचा फॉर्मही लागतो आणि रडायला कोणीतरी माणूसही, यातलं आधी कोणतं हे मी किंवा तुम्ही कोण ठरवणार.

म्हणून मी काउन्सेलर पारखतो तो एवढ्यावरून की तो कर्जाचं विचारते का आणि विचारून तलाठ्याकडे, बँकेत कोणाला फोन लावते का. दीर्घ श्वास घ्या सांगून निघून जाणारा असेल तर तुमची शंका त्याच्यापुरती बरोबर आहे. आणि हे स्वतःसाठी विचारलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागते, लावा.