न्यू जर्सीत कुंडीतलं जांभळं पिचर प्लांट (पेल्यासारख्या पानांत किडे पकडणारं झाड) रोज पाणी घालूनही कडेनं तपकिरी पडतंय. काय चुकतंय?

बहुधा पाणीच. नळाचं घालत असाल तर आधी ते थांबवा. हे झाड (शास्त्रीय नाव सारासेनिया पर्प्युरिया) दलदलीतलं, तुमच्याच राज्यात पाइन बॅरन्स नावाच्या पाइनच्या जंगलात रानात उगवतं. तिथलं पाणी आम्लधर्मी आणि जवळजवळ क्षारविरहित असतं. नळाच्या पाण्यातले क्षार कुंडीत साठत जातात आणि मुळं जळतात. पावसाचं, डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी द्या, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ५० पीपीएमच्या आत.

आता मातीही बदलाच, कारण जुन्यात क्षार मुरलेले असतात. खत न मिसळलेलं पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि धुतलेलं परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे), निम्मं-निम्मं. बागेची माती, कंपोस्ट, शेणखत अजिबात नको. नायट्रोजन हे झाड किड्यांपासून मिळवतं. या जातीचं झाकण उभं असल्यामुळे पेल्यात पाऊस साठतो, त्यात किडे बुडतात आणि मुख्यतः जिवाणू नि अळ्या ते कुजवतात. मांसाचे तुकडे मात्र टाकू नका, पेलाच सडतो.

कुंडी २-३ सेंमी पाणी असलेल्या ताटात ठेवा, रोज किमान ६ तास थेट ऊन हवं.

हिवाळ्यात दया येऊन घरात आणू नका. तीन-चार महिन्यांची थंड विश्रांती चुकली की झाड खंगत जातं. बाहेरच ठेवून वर पाइनच्या सुया पसरा. आणि नवं रोप रोपवाटिकेतूनच घ्या, रानातून उपटू नका.