इंग्लंडमध्ये दक्षिण आशियाई वारसा आणि इतिहासासाठी चॅरिटी काढायची आहे, दिवाळी-ईदच्या कार्यक्रमांपलीकडे नेमकं काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की लँकशायरमधल्या एका जुन्या कापड गिरण्यांच्या गावात राहता, मराठी, गुजराती, पंजाबी, पाकिस्तानी, बांगलादेशी अशी काही कुटुंबं एकत्र आलायत, दिवाळी आणि ईद जोरात होते, पण आता रीतसर चॅरिटी करून इतिहासाचं काम करायचंय आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नाहीये. मी अशाच एका छोट्या चॅरिटीत बरीच वर्षं ट्रस्टी आहे, त्या अनुभवावरून सांगते.

सगळ्यात आधी, रजिस्ट्रेशनच्या मागे लागू नका, गावातल्या वयस्कर माणसांकडे जा. रजिस्ट्रेशन पुढच्या वर्षी पण होईल. पण 1962 च्या कॉमनवेल्थ इमिग्रंट्स ॲक्टच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांवर बंधन घालणाऱ्या कायद्याच्या आगेमागे, कामाचं व्हाउचर (परवाना) मिळवून किंवा कायदा लागू व्हायच्या आत घाईघाईत जी पोरं विशीत इकडे आली ती आज ऐंशीच्या पुढे आहेत. गिरण्यांच्या नाइट शिफ्ट त्यांनी केल्या, पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमध्ये मंगला धरणात मिरपूरकडची गावं गेली म्हणून त्यातले कितीतरी इकडे आले, 1972 मध्ये इदी अमीनने 90 दिवसांत देश सोडा म्हणून सांगितल्यावर युगांडातून आलेली कुटुंबं पण अशीच वेगवेगळ्या गावांत विखुरली. या सगळ्याचं राष्ट्रीय पातळीवरचं चित्र पुस्तकांत मिळेल हो, पण तुमच्या गावात पहिलं मसाल्याचं दुकान कुणी काढलं, नमाज आधी कुणाच्या घरात व्हायचा, एकाच पलंगावर दिवसा एक आणि रात्री दुसरा कसा झोपायचा, हे कुठेच लिहिलेलं नाहीये. ते फक्त या लोकांना माहितीये.

आमच्याकडे एका चाचांचं रेकॉर्डिंग केलं ते सांगते म्हणजे कल्पना येईल. मूळ मिरपूरकडचे, मी हिंदी-उर्दूत विचारत होते, ते मधेच त्यांच्या पहाडी बोलीत घुसायचे आणि नात मला सांगायची. "इकडे आल्यावर कसं वाटलं" असं विचारलं की उत्तर एकच, "अल्लाह का शुक्र है, ठीक था". असे मोठे मोठे प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. मग मी विचारलं की कामावर पोचल्यावर सगळ्यात आधी काय करायचात, तर ते एकदम सरसावून बसले. विणाईच्या शेडमध्ये मागांचा आवाज इतका की शेजारचा ओरडला तरी ऐकू यायचं नाही, त्यामुळे तिथल्या गोऱ्या बायका आवाज न काढता ओठ मोठे मोठे हलवून बोलायच्या, चाचांना इंग्लिश धड येत नव्हतं पण ओठांवरून "चहा", "सुपरवायझर आला", "धागा तुटला" एवढं कळायला लागलं, आणि ते त्यांनी आम्हाला तोंड करून दाखवलं. शेजारी बसलेली नात बघतच राहिली, तिने हे कधी ऐकलंच नव्हतं. तेव्हा प्रश्न असे हातातल्या कामाचे, खोलीचे, पगाराच्या पाकिटाचे विचारा. जुना फोटो, पासपोर्ट, युनियनचं कार्ड असलं काहीतरी टेबलावर ठेवा आणि मग गप्प बसा, मधे मधे "हो हो" पण करू नका, रेकॉर्डिंगमध्ये तेच जास्त ऐकू येतं.

टेक्निकल बाजू फार नाही. फोनपेक्षा साधा रेकॉर्डर आणि कॉलरला लावायचे माइक घ्या, फाइल वेव्ह फॉरमॅटमध्ये ठेवा, फ्रिज आणि टीव्ही बंद करा. ज्यांची जी भाषा आहे त्यातच बोलू द्या, इंग्लिश सारांश मिनिटांसकट नंतर लिहिता येतो. पण संमतीचा कागद मात्र हवाच हवा. ब्रिटनमध्ये माणूस जे बोलतो त्या शब्दांचा कॉपीराइट त्याचाच असतो, त्यामुळे सही नसेल तर उद्या प्रदर्शनात किंवा वेबसाइटवर एक वाक्य वापरायलाही अडचण. सहीच्या आधी त्यांच्या भाषेत समजावून सांगा की हे कुठे जाणार, कोण ऐकणार, आणि अमुक भाग काढा म्हणाले तर काढायचा. फाळणीबद्दल बोलताना किंवा 1971 च्या ढाक्याबद्दल बोलताना माणूस थांबला तर रेकॉर्डर बंद करायचा, त्यात दुसरा विचार नाही.

आणि हे सगळं कुणाच्या तरी लॅपटॉपवर ठेवू नका. कौंटीचं रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणारं आर्काइव्ह, किंवा लायब्ररीतला स्थानिक इतिहासाचा विभाग यांच्याशी पहिल्या मुलाखतीच्या आधीच बोला, फाइल कशा हव्यात, फॉर्म कुठला चालेल ते तेच सांगतात आणि बऱ्याचदा ट्रेनिंग पण देतात. ब्रॅडफर्डच्या बेल व्ह्यू स्टुडिओचं उदाहरण बघा. मॅनिंगहॅममधल्या त्या स्टुडिओत दक्षिण आशियातून आलेली माणसं सूट घालून, खिशाला पेन लावून, मनगटावरचं घड्याळ दिसेल असा हात ठेवून फोटो काढायची आणि ते घरी पाठवायची, म्हणजे घरच्यांना कळेल की पोराचं बरं चाललंय. 1975 मध्ये स्टुडिओ बंद पडला, हजारो काचेच्या निगेटिव्ह नष्टच झाल्या असत्या, पण त्या वाचल्या आणि आज ब्रॅडफर्डच्या म्युझियमकडे आहेत. तुमच्या गावातही कुणाच्या तरी माळ्यावर असं काहीतरी असणार. फोटो मागून घेऊन जाऊ नका, स्कॅनर त्यांच्या घरी न्या, समोर बसून स्कॅन करा आणि लगेच परत द्या, विश्वास त्यातूनच बसतो. फोटोच्या मागची बाजू पण स्कॅन करायची, तिथे तारीख आणि नावं असतात.

आता लोकांसमोर काय मांडायचं. मला स्वतःला वाटतं की खाणं, नाच, मेंदी हे सगळं असावं, लोक त्यानेच येतात, पण आलेला माणूस जाताना इतिहासाची एक तरी गोष्ट घेऊन गेला पाहिजे. आणि ती इथल्या जागेशी जोडलेली असेल तर जास्त पोचते. लंडनमध्ये हॅकनीत किंग एडवर्ड्स रोडवर आयांचं होम होतं, साहेबांची मुलं सांभाळत बोटीने इकडे आलेल्या आणि मग वाऱ्यावर सोडलेल्या आया तिथे राहायच्या, एका तरुणीने सुरू केलेल्या मोहिमेमुळे 2022 मध्ये त्या घरावर निळी पाटी, म्हणजे ऐतिहासिक जागांवर लावतात ती, लागली. ब्रायटनजवळच्या टेकडीवर छत्री स्मारक आहे, पहिल्या महायुद्धात तिथल्या हॉस्पिटलांत वारलेल्या 53 हिंदू आणि शीख सैनिकांचे अंत्यसंस्कार तिथे झाले, आणि त्यांच्याच बरोबरीच्या मुसलमान सैनिकांना वोकिंगला दफन केलं. एकाच युद्धातली, एकाच हॉस्पिटलातली माणसं. या दोन जागांची एकत्र सहल काढलीत तर हिंदू, शीख, मुसलमान घरं एकाच बसमध्ये बसतील, हे भाषणांपेक्षा खूप जास्त आहे.

मराठी मंडळींना जोडायचं असेल तर शिवजयंतीच्या पुढेही खूप आहे. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवर काम करणारे बरेच खलाशी रत्नागिरीकडचे असायचे, त्यात कोकणी मुसलमान खूप. रखमाबाई लंडनमध्ये शिकून 1894 मध्ये डॉक्टर झाल्या. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकल्या. बाबासाहेब 1921-22 मध्ये ज्या घरात राहिले ते लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये घेतलं आणि आता ते म्युझियम आहे. शाळेत मुलं दुसरं महायुद्ध शिकतातच, तिथे इटलीत लढताना व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचं सांगा, घाडगे तर त्या लढाईतच गेले. वर्गातली मुलं, मग ती कुठलीही असोत, कान देऊन ऐकतात.

शाळांवरून आठवलं, हे लक्षात ठेवा. साउथ एशियन हेरिटेज मंथ 2020 मध्ये सुरू झाला तेव्हा तारखा 18 जुलै ते 17 ऑगस्ट अशा ठेवल्या, त्यालाही अर्थ आहे, 18 जुलै 1947 ला भारत स्वातंत्र्य कायद्याला राजाची मंजुरी मिळाली आणि 17 ऑगस्टला रॅडक्लिफची भारत-पाकिस्तान सीमारेषा जाहीर झाली. पण इंग्लंडमधल्या शाळा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बंद होतात, मग ऑगस्टमध्ये प्रदर्शन लावून मुलं येणार कुठून. शाळांचं काम जूनमध्येच उरका, लायब्ररीतलं प्रदर्शन सुट्टीत ठेवा. मुलांबरोबर काम करणाऱ्या स्वयंसेवकांची डीबीएस तपासणी (गुन्ह्यांची काही नोंद आहे का ते बघणारी) आधीच करून घ्या, त्याला वेळ लागतो.

एक गोष्ट मी अगदी मनापासून सांगते. "दक्षिण आशियाई" असं नाव घेतलंत तर ट्रस्टीही तसेच हवेत. नावात सगळे आणि मीटिंगला फक्त आपलीच चार कुटुंबं, असं असलं की बांगलादेशी, श्रीलंकेचे तमिळ, नेपाळी लोक एकदा येतात आणि परत फिरकत नाहीत. जातीबद्दल, फाळणीबद्दल, इथल्या वर्णद्वेषाबद्दल बोलायला लोक कचरतात, "कशाला उगाच" म्हणतात, पण ते गाळून उरतो तो इतिहास नाही, जाहिरात आहे. 1978 मध्ये पूर्व लंडनमध्ये अल्ताब अली या बांगलादेशी तरुणाचा वर्णद्वेषातून खून झाला आणि त्यानंतर तिथले बांगलादेशी हजारोंनी रस्त्यावर उतरले, 1976 मध्ये जयाबेन देसाई लंडनच्या ग्रनविक या फोटो धुणाऱ्या कारखान्यातल्या संपात उभ्या राहिल्या, हे मुलांना कळलंच पाहिजे. मात्र कुठल्याही पक्षाचा प्रचार चॅरिटीला करता येत नाही, इथलाही नाही आणि तिकडचाही नाही, त्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्या दिवसापासून तो नियम लावा.

आता कागदपत्रं, पटकन. सुरुवातीला साधी घटना लिहून, तीन तरी ट्रस्टी नेमून, ग्रुपच्या नावाने बँक खातं काढलंत तरी पुरतं. वर्षाचं उत्पन्न 5,000 पाउंडांच्या वर गेलं की इंग्लंड-वेल्समध्ये चॅरिटी कमिशनकडे नोंदणी करावीच लागते, आणि सीआयओ (चॅरिटेबल इनकॉर्पोरेटेड ऑर्गनायझेशन) हा प्रकार घेतलात तर उत्पन्न कितीही असो नोंदणीशिवाय तो अस्तित्वातच येत नाही, पण त्यात ट्रस्टींवर वैयक्तिक जबाबदारी कमी येते म्हणून मी तोच घ्या म्हणेन. उद्देशात कला, संस्कृती आणि वारसा हे शब्द थेट लिहा, 2011 च्या चॅरिटीज ॲक्टमध्ये ते आहेतच, आणि फायदा फक्त आपल्या समाजाला नाही तर सगळ्या जनतेला आहे हे स्पष्ट करा.

पैशांसाठी पहिला अर्ज नॅशनल लॉटरीच्या अवॉर्ड्स फॉर ऑलला करा, 300 ते 20,000 पाउंड मिळतात आणि फॉर्म सोपा आहे. हेरिटेज फंड 10,000 पासून पुढे देतो, पण ते विचारतात की प्रोजेक्ट संपल्यावर हे साहित्य कुठे राहणार, कोण बघणार, म्हणूनच आर्काइव्हशी आधी बोला म्हटलं, त्यांचं पत्र जोडलंत की अर्जात वजन येतं. देणगीदार टॅक्स भरत असेल तर गिफ्ट एडमुळे प्रत्येक पाउंडामागे 25 पेन्स सरकारकडून येतात, त्यासाठी एचएमआरसीकडे, म्हणजे कर खात्याकडे, वेगळी नोंद करावी लागते. आणि बजेटमध्ये अनुवादाचे, ट्रान्सक्रिप्शनचे आणि आजी-आजोबांच्या टॅक्सीचे पैसे नक्की धरा. तरुण पोरं पहाडी किंवा सिलेटी (बांगलादेशातल्या सिलेटची बोली) ऐकून तासन्‌तास टाइप करतात, ते काम फुकटात करून घेऊ नका.