दहा पाहुणे आणि एक ‘च’

“घरी माणसं बोलवायची म्हटली की पोटात गोळा येतो.” हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. नव्याने संसार मांडलेल्या मुली म्हणतात, निवृत्त गृहस्थ म्हणतात, परदेशात स्थायिक झालेली जोडपी तर हमखास. यातल्या कुणालाही माणसं नकोशी नसतात. हवीशी असतात, म्हणून तर एवढी धास्ती.

त्यातल्या एकीची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहणारी, चाळिशीची. समुपदेशनासाठी आम्ही ऑनलाइन भेटायचो. २०२३ साली ‘आरआरआर’ सिनेमातल्या ‘नाटू नाटू’ गाण्याला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि तिच्या मित्रमंडळींनी ठरवलं, १२ मार्चचा सोहळा एकत्र बघायचा. आपल्याकडे तो १३ तारखेच्या पहाटे साडेपाचला होता, तिथे रविवारी संध्याकाळी पाचला. टीव्ही हिचा मोठा, म्हणून घर हिचं. दहा माणसं, साडेतीन तास, शिवाय जेवण. तिची झोप उडाली.

पहिल्याच भेटीत तिने यादी वाचली. घर चकाचक असलंच पाहिजे. सगळं घरीच केलेलं हवं. कुणी कंटाळताच कामा नये.

“आणि कंटाळलं कुणी, तर?”

“तर मला हे जमत नाही, असं ठरेल ना ताई.”

“कोण ठरवेल?”

ती गप्प.

मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या वाटेने काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा हा विचार कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवला. त्याचं सगळं सार मला आपल्या एका अक्षरात दिसतं: ‘च’. “छान व्हावं” ही इच्छा झाली, “छान झालंच पाहिजे” हा हट्ट. इच्छा पुरी झाली नाही तर माणूस हिरमुसतो. हट्ट मोडला तर स्वतःलाच नापास करतो. मी तिला यादीतला प्रत्येक ‘च’ खोडून वाक्यं पुन्हा मोठ्याने वाचायला लावली. तिने वाचली, पण ओठांनी.

गाठ सुटली ती तिसऱ्या भेटीत. मी सहज विचारलं, “सोहळ्यात विजेत्याच्या नावाचं पाकीट उघडताना कॅमेरा नामांकन मिळालेल्यांवर जातो. कसे असतात ते चेहरे?”

“हसरे. पण ताणलेले.”

“त्या संध्याकाळी तुझ्या दिवाणखान्यात तसा चेहरा कुणाचा असेल?”

बराच वेळ ती बोलली नाही. मीही थांबले, अशा वेळी थांबता येणं हे मी फार कष्टाने शिकले आहे. मग ती हळूच म्हणाली, “माझा. दहा जण टीव्ही बघतील आणि मी त्या दहा जणांना बघत बसेन.”

तिचं हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. तोवर मी या भीतीला आत्मविश्वासाची उणीव समजत होते. त्या दिवशी लख्ख दिसलं, की यजमान होताना ही माणसं मैफलीतली आपली जागाच सोडून देतात. मित्रांना परीक्षक करतात आणि मग म्हणतात, आम्हाला एकटं वाटतं.

एकोणिसाव्या वर्षी एलिस मुलींशी बोलायला घाबरत. त्यांनी न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये ठरवून शंभर जणींशी बोलणं काढलं. ज्याची भीती वाटते ते करूनच भीती जाते. म्हणून तिला गृहपाठ दिला: एक काम मुद्दाम अर्धवट ठेवायचं. पावभाजी करायची, पण कांदा चिरायचा नाही, पाव भाजायचे नाहीत. जो येईल त्याच्या हातात सुरी द्यायची. तुम्हीही करून बघा. हाताला काम मिळालं की पाहुणा घरचा होतो. “घर आवरलेलं नाहीये हं” अशी दारातच माफी मागू नका. समोरच्याची नजर तुम्हीच तिकडे वळवता. प्रत्येकाला एक कागद द्या, पुरस्कारांचे अंदाज लिहायला सांगा, मग गप्पांची काळजी उरत नाही. आणि सोफ्यावर स्वतःची जागा आधी धरा. यजमानाने बसायचं असतं, हे आपल्याकडे बायकांना कुणी शिकवतच नाही.

पुढच्या भेटीत ती भरभरून बोलत होती. तिचे अंदाज निम्म्याहून अधिक चुकले होते. ‘नाटू नाटू’चं नाव पुकारलं तेव्हा कांदा चिरणारे दोघं सुरीसकट बाहेर धावले, आणि संगीतकार कीरवाणी मंचावर गाऊ लागले तसे सगळे टाळ्यांचा ठेका धरून उभे राहिले.

“आणि भाजी?” मी विचारलं.

“खाली लागली होती ताई,” ती म्हणाली. “मला ते दुसऱ्या दिवशी भांडं घासताना कळलं.”