घरगुती मंडळ्यांना दुरून कसे साहाय्य करावे?

प्रश्न : आफ्रिकेतील युद्धग्रस्त भागांत घराघरांत भरणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी आमच्या प्रार्थनागटाने वर्गणी जमवली आहे. ती कशी पाठवावी? – एक वाचक, खानापूर

उत्तर : एप्रिल 2023 पासून सुदानमध्ये आणि त्याआधीपासून पूर्व काँगोमध्ये लाखो माणसे विस्थापित झाली असताना, नव्या करारातील प्रिस्का व अक्विल्ला या दांपत्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीसारखी, इमारतीवाचून टिकणारी आणि कुटुंबांबरोबर स्थलांतर करू शकणारी मंडळीच तेथे तग धरते, म्हणून वर्गणी बांधकामाकडे न वळवता स्थानिक पुढाऱ्यांच्या प्रशिक्षणाकडे आणि सुदानसाठी अरबी, पूर्व काँगोसाठी स्वाहिली पवित्र शास्त्राकडे वळवावी, असे मला मनापासून वाटते. प्राधान्यक्रम मात्र तेथील पाळकांनीच ठरवावा. धान्य व औषधे धर्म न विचारता द्यावीत. भुकेल्या माणसापुढे श्रद्धेची अट ठेवणे सुवार्तेला शोभत नाही. रक्कम ओळखीच्या व्यक्तीच्या खात्यावर न पाठवता, आपल्या चर्चच्या वरिष्ठ मंडळामार्फत तेथील नोंदणीकृत मंडळाशी संपर्क साधावा. परदेशी पैसे पाठवण्यासाठीची रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना (एलआरएस) केवळ व्यक्तींसाठी असल्याने, ट्रस्टच्या नावे पैसे पाठवण्यापूर्वी बेळगावातील बँकेशी व सनदी लेखापालाशी बोलावे. त्या विश्वासूंची नावे, छायाचित्रे व ठिकाणे आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत कधीही टाकू नयेत, कारण त्यातून त्यांच्या जिवाला धोका संभवतो.