शाळेत जिवंत नाग नको, हे पटवायचं कसं?

प्रश्न : मुलीच्या शाळेत दर नागपंचमीला गारुडी येतो, मुलांसमोर नागाला दूध पाजतो. मुख्याध्यापक म्हणतात, “पूर्वापार चालत आलंय, मुलांची भीती मोडते.” त्यांना न दुखावता हे कसं थांबवावं?
– एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : श्रावण लागायच्या दोन-तीन आठवडे आधीच भेटा. एकदा विसार दिला, सूचनाफलकावर कार्यक्रम लागला, की शाळा अडून बसते. आणि एकटेच भेटा. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी वाद पेटला, तर माघार घेणं मुख्याध्यापकांना अपमानाचं वाटतं. बरेच प्रयत्न तिथेच फसतात.

बोलताना टोपलीतल्या नागापासून सुरुवात करा. खेळासाठी पकडलेल्या नागाचे विषदंत उपटतात. कधी तोंड दोऱ्याने शिवून फक्त जीभ बाहेर यायला फट ठेवतात. दूध हे सापाचं अन्नच नाही. कित्येक दिवस पाण्याविना ठेवल्यामुळे तो समोर येईल ते पितो, आणि ते श्वासमार्गात गेलं की फुफ्फुसाला संसर्ग होतो. सापाला बाहेरचा कान नसतो, त्यामुळे तो ‘डोलतो’ तो पुंगीच्या हालचालीवर. थोडक्यात, शाळा चुकीचं विज्ञान शिकवते आहे. शिक्षकाला दयेच्या आवाहनापेक्षा हे जास्त लागतं.

कायदा शेवटी, एका वाक्यात आणि लेखी : नागाला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षण आहे, त्याला पकडणं, जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. सुरुवातीलाच धमकी दिलीत, तर पुढचं कुणी ऐकत नाही.

पर्याय मात्र हातात घेऊनच जा. पाटावर गंधाने नाग काढून किंवा मातीचा नाग करून लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखवणं ही आपल्या घरोघरची रीत आहेच. मुलांकडून शाडूचे नाग करून घ्या. जोडीला सर्पमित्राचं चित्रांसह व्याख्यान ठेवा : नाग, मण्यार, घोणस, फुरसे कसे ओळखायचे, आणि दंश झाल्यावर घट्ट आवळपट्टी न बांधता, चिरा न देता थेट रुग्णालय का गाठायचं. भीती मोडते ती अशी. पण ‘जिवंत साप आणणार नाही’ एवढं सर्पमित्राकडून आधी लिहून घ्या. जनजागृतीच्या नावाखाली पकडलेले साप हाताळून दाखवणारे काही कमी नाहीत.

एवढं करूनही टोपली आलीच, तर ती हिसकावू नका. फोटो काढा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. तोंड शिवलेला साप परस्पर सोडू नका. तो शिकार करू शकत नाही, त्याला आधी पशुवैद्य हवा. गारुड्याशी भांडून काही साधत नाही. त्याला पैसे देऊन बोलावते ती शाळाच.

प्रश्न : कंपनीची हुरडा पार्टी ज्या कृषी पर्यटन केंद्रावर ठरते आहे, तिथे माकडाचा खेळ आणि पोपटवाला ज्योतिषी असतो. मालकाला काय सांगावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : इथे काम सोपं आहे, कारण पैसे तुमचे आहेत. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच ‘प्राण्या-पक्ष्यांचे खेळ नकोत’ असं ईमेलवर कळवा आणि होकार आल्यावरच बुकिंग पक्कं करा. माकड, अस्वल, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर केंद्राची 1998ची बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ती 2001मध्ये कायम ठेवली. आपल्याकडचे हिरवे पोपट पिंजऱ्यात ठेवणंही वन्यजीव कायद्याविरुद्ध आहे. “गिऱ्हाईक मागतं” हे मालकाचं ठरलेलं उत्तर. त्यावर गिऱ्हाईक म्हणूनच बोला आणि मोकळ्या वेळेसाठी विटी-दांडू, लगोरी किंवा भारुडाचा कार्यक्रम मागा.