ब्राउझरचे ‘मागे’ बटण एकदाच दाबूनही राउटिंगचे फंक्शन (पत्त्यानुसार योग्य पान दाखवणारे) दोनदा का चालते?

आपण ‘पॉपस्टेट’ (ब्राउझरच्या इतिहासातील नोंदींमध्ये मागेपुढे गेल्यावर येणारा) आणि ‘हॅशचेंज’ (पत्त्यातील ‘#’ म्हणजे हॅशनंतरचा भाग बदलल्यावर येणारा) या दोन्ही इव्हेंटना, म्हणजे ब्राउझरच्या सूचनांना, एकच फंक्शन जोडले असावे. त्यातील ‘हॅशचेंज’ काढून टाकल्यास ते एकदाच चालेल. एचटीएमएलच्या प्रमाणकानुसार पत्त्यातील केवळ हॅशनंतरचा भाग बदलणाऱ्या इतिहासातील नोंदीवर मागेपुढे जाताना आधी ‘पॉपस्टेट’ आणि त्यानंतर ‘हॅशचेंज’ असे दोन्ही इव्हेंट येतात, त्यामुळे ही पुनरावृत्ती म्हणजे ब्राउझरचा दोष नव्हे. ‘हॅशचेंज’ जोडलेलाच नसेल, तर पानाचा घटक (कंपोनंट) पुन्हा उभा राहताना दर वेळी नवे निनावी फंक्शन जोडले जात नाही ना, हे तपासावे. तेच फंक्शन त्याच पर्यायांसह पुन्हा जोडल्यास ब्राउझर ते दुसऱ्यांदा जोडत नाही, परंतु प्रत्येक निनावी फंक्शन त्याच्या लेखी वेगळे असते आणि त्याचा संदर्भ हाती नसल्याने ‘रिमूव्ह-इव्हेंट-लिसनर’ने ते काढताही येत नाही. ठरावीक मिलिसेकंदांत आलेला दुसरा इव्हेंट गाळण्याचा उपाय मात्र मी टाळेन, कारण वापरकर्त्याने झटपट दोनदा ‘मागे’ दाबले तर खरी कृतीच गाळली जाते. दोन्ही इव्हेंट ठेवणे अपरिहार्य असल्यास शेवटी हाताळलेला पत्ता जपून ठेवावा आणि तोच पुन्हा आल्यास फंक्शनमधून लगेच बाहेर पडावे. मात्र ‘पुशस्टेट’ने (इतिहासात नवी नोंद करणाऱ्या फंक्शनने) एकाच पत्त्यावर वेगवेगळ्या स्थितींच्या नोंदी केल्या असतील, तर ही तुलना फसते, अशा वेळी प्रत्येक नोंदीच्या स्थितीत स्वतंत्र क्रमांक ठेवून त्याचीच तुलना करावी.