तिने वडापाव खायला बोलावलं होतं, तू गेली का नाहीस?

पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगते. भांडुपला राहणारी, दादरच्या कॉलेजात एसवायला असलेली मुलगी लिहितेय की ताई, मी कधी कुणाला दुखवत नाही, सगळ्यांची जर्नल्स लिहून देते, तरी ग्रुपमधले एकेक करून लांब गेले. मी फक्त रोज रात्री विचारायचे की चिडली नाहीस ना माझ्यावर, त्यात काय चुकलं? आता दोन महिने झाले धड झोप नाही, लेक्चरमध्ये डोक्यात काही शिरत नाही, घरी आलं की नुसती पडून असते, आई म्हणते मोबाईल बंद कर. आणि प्रश्न असा की माझा स्वभाव असा म्हणून डिप्रेशन आलं, की डिप्रेशन आलं म्हणून स्वभाव असा झाला?

आणि मध्येच कुठेतरी हे एक वाक्य : "एक मैत्रीण म्हणाली होती नाही गं चिडले, चल कीर्तीचा वडापाव खाऊ, पण ती दयेपोटी बोलावत होती म्हणून मी नाही गेले."

अगं बाई! एवढ्या मोठ्या पत्रातलं हेच खरं महत्त्वाचं आणि तू ते येताजाता उरकून टाकलंस.

दया होती हे तुला कुणी सांगितलं? दया आलेला माणूस "काळजी घे" असा मेसेज टाकतो आणि मोकळा होतो, तो प्रॅक्टिकल संपल्यावर भुकेल्या पोटी तुला घेऊन कीर्ती कॉलेजपर्यंत चालत जाऊन गर्दीत उभा राहून "भैया चुरा जास्त" करत बसत नाही. ती पोरगी तुझ्या रोजच्या प्रश्नाचं उत्तर देत होती, तेही नुसतं तोंडी नाही, आणि तू तिला खोटं पाडलंस. तिच्या जागी मी असते तर मलाही राग आला असता, खरंच सांगते. ग्रुपमधल्या मुलींना मी चार शब्द सुनवावेत अशी तुझी अपेक्षा दिसतेय, ते मी करणार नाहीये.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर : दोन्ही. जेम्स कॉइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1976 साली कॉलेजच्या 45 विद्यार्थ्यांना अनोळखी बायकांशी फोनवर 20 मिनिटं गप्पा मारायला लावल्या, त्यातल्या काही डिप्रेशनवर उपचार घेणाऱ्या होत्या. ज्यांच्या वाट्याला त्या आल्या ती मुलं फोन ठेवल्यावर स्वतःच खट्टू झाली, वैतागली, आणि पुन्हा बोलायला फारशी तयार नव्हती. पुढे सगळ्यांना हे इतकं ठळक सापडलं नाही, पण लोक लांब सरकतात हे बऱ्याच जणांना दिसलं. मग 1992 मध्ये थॉमस जॉइनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॉलेजमधल्या रूममेट्सचा अभ्यास केला, आणि त्यात असं दिसलं की नुसत्या उदास मुलाला रूममेट टाकत नाही, उदास आहे, स्वतःला कमी लेखतो आणि वर सारखं "मी ठीक आहे ना, तुला आवडतो ना" असं विचारत राहतो, असं सगळं एकत्र आलं की टाकतो. हे मुलांमध्ये दिसलं, मुलींमध्ये त्या अभ्यासात तसं दिसलं नाही, म्हणजे तुझ्या कपाळी काही लिहून ठेवलेलं नाहीये.

तुझं काय होतंय बघ. सगळ्यांना आपण आवडलंच पाहिजे हा स्वभाव तुझा आधीपासूनचा असणार, तो काही आजार नाही, अर्ध्या महाराष्ट्राच्या मुलींना तसंच वाढवलंय. पण मन बसलं की समोरचा "नाही गं चिडले" म्हणाला तरी ते आत पोचत नाही, उगाच बोलतेय असं वाटतं, म्हणून परत विचारायचं, मग तो कंटाळतो, उत्तर एका शब्दावर येतं, आणि तू म्हणणार बघा, मला माहीतच होतं. खड्ड्यात पडल्यावर वर यायला आणखी खणत राहावं तसं आहे हे. आणि जर्नल्सचं म्हणशील तर कुणी मागितलेली तरी होती का गं?

दोन महिने झोप नाही आणि अभ्यास डोक्यात शिरत नाही हा मात्र स्वभाव नाही. डॉक्टर साधारण दोन आठवडे असं चाललं तरी गंभीरपणे घेतात, तू त्याच्या कितीतरी पुढे गेलीयेस. तेव्हा आता एकच काम करायचं. त्याच मैत्रिणीला मेसेज कर. चिडलीस का हे विचारायचं नाही, त्या दिवसाबद्दल सॉरीचा निबंध लिहायचा नाही. एवढंच लिही : "मला केईएम हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीला जायचंय, एकटीने जमत नाहीये, या आठवड्यात एका सकाळी येशील का सोबत?" आजवर तू तिच्याकडे पुरावेच मागितलेस, एकदा मदत माग. खाली "बिझी असशील तर राहू दे हं" असलं शेपूट जोडायचं नाही, मेसेज डिलीट करायचा नाही, ब्लू टिककडे बघत बसायचं नाही. नाही म्हणाली तर आईला घेऊन जा, पण जा. आणि मधल्या एखाद्या रात्री फारच वाईट वाटलं, जगायला नको असं काही मनात आलं, तर त्या सकाळची वाट बघायची नाही, 14416 ला फोन लावायचा, टेलिमानस, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीतून बोलता येतं.

केसपेपरला सकाळी लाईन असते, तेव्हा लवकरची स्लो पकड आणि दादरला न उतरता पुढे परळला उतर.